दाराकडे तोंड करून बसलेली चमेली

दसऱ्याला पाटीपूजन झालं आणि आमच्या शाळेत बालवर्गाची नवी पोरं आली. काय ती पोरं! नंदलाल दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून दुपारपर्यंत रडायचा. मुन्नी पाटी उशाला घेऊन झोपायची. एकाला तहान लागली की तो सरळ घरी जायचा, पाणी प्यायचा आणि तिकडेच खेळत बसायचा. यांच्यापेक्षा आमच्या गोठ्यातली वासरं बरी, असं मला पहिल्या आठवड्यात शंभरदा वाटलं.

मी चौथीत, मॉनिटर. पुढल्या वर्षी गोंदियाला मिडल शाळेत जाणार, आमच्या गावातून जाणारी पहिलीच मुलगी! म्हणून सुमित्राबाईंनी मला बालवर्गात मदतीला घेतलं होतं. बाई आल्या तेव्हापासून मला मोठ्यानं बोलायची हिंमत आली, आणि आता ती काही केल्या जात नाही, असं माझी आई म्हणते.

शाळा सुटली की बाई रोज विचारायच्या, "शामकला, आज काय दिसलं?"

मी सांगायची, अमक्याला ग काढता आला, तमक्याला म आला. बाई हात उडवायच्या. "अक्षरं येतील गं. लेकरू रमलं का ते सांग. कोणाजवळ सरकून बसलं? पडलं तेव्हा कोणाकडे पाहिलं?"

त्यांना स्वतःला तर सगळं दिसायचं. नंदलाल रडता रडताच मुन्नीला बसायला जागा करून देतो, हे मी समोर बसून पाहिलं नाही, आणि त्यांनी फळ्याकडे तोंड करून पाहिलं. "हा रमला," म्हणाल्या. त्याच आठवड्यात नंदलालनं चौकट सोडली. मला बाई म्हणजे जादूगार वाटायच्या.

पण चमेलीचं काही कळेना.

चमेली म्हणजे उदेलालची सहा वर्षांची पोर. रडायची नाही आणि बोलायचीही नाही. दाराला चिकटून बसायची, फळ्याकडे पाठ, तोंड बाहेर. मांडीपाशी मातीची ढेकळं जमवून ठेवायची आणि मधूनच एखादं बाहेर भिरकावायची. उदेलालनं तिला मोठ्या मुश्किलीनं पाठवलं होतं. धान लोंबीवर आलेलं, मचाणावर बसून पाखरं हाकलायला घरात तीच एक. "रमली तं शिकन, नाई तं वावरात चाल," असं तो नाव घालतानाच सगळ्यांसमोर बोलला होता.

आमचे हेडमास्तर उदाराम गुरुजी दोनतीनदा दारातून डोकावून गेले. एक दिवस म्हणाले, "बाई, या पोरीचं चित्त शाळेत नाही. खोली एवढीशी, बसायला जागा नाही. नाव काढून टाकू. येईल पुढल्या वर्षी."

पुढल्या वर्षी! एकदा नाव निघालं की चमेली कायमची मचाणावर जाणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. गुरुजींनी उदेलालला दुसऱ्या दिवशी यायचा निरोपही धाडला.

"बाई, मी विचारू का तिला?" मी म्हटलं.

"विचारलं की ती आणखी मिटते. तू तिच्या जागेवर बस."

"म्हणजे?"

"म्हणजे बस खाली. तिच्याएवढी होऊन."

पोरं घरी गेली होती. मी दारापाशी बसले, पाय दुमडले, मान खाली घेतली. तिथून फळा दिसतच नव्हता. दिसत होती ती अंगणातल्या जांभळाची खालची फांदी. सकाळी आल्या आल्या सगळी पोरं आपापल्या शिदोऱ्या तिच्यावर टांगतात. आता फांदी रिकामी होती, आणि वरच्या फांदीवर एक लांब शेपटीचं वानर आपल्याच घरी असल्यासारखं अंग खाजवत बसलं होतं.

"बाई!" मी ओरडलेच. "ती राखण करून राहिली!"

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला.

दुसऱ्या दिवशी उदेलाल आला, गुडघ्यापर्यंत चिखलात. गुरुजींनी चमेलीला उचलून फळ्यासमोर बसवलं, हातात खडू दिला. "लिही, बाळ." चमेलीची मान दाराकडे. "समोर पाहा." क्षणभर समोर, की पुन्हा दाराकडे.

"पाहिलंस, उदेलाल? घेऊन जा हिला."

उदेलाल हात धरायला पुढे झाला आणि मी उभी राहिले. बाईंनी सांगितलं नव्हतं. अडवलंही नाही.

"गुरुजी, ती शिदोऱ्या राखून राहिली! झाडावरच्या! वानरं येतात!"

"राखणच करायची तर शाळा कायले पाहिजे? घरी वावर आहे की," गुरुजी म्हणाले.

सगळा वर्ग हसला. माझे कान तापले, पण मी बसले नाही. "उदेलालकाका, तुम्हीच विचारा तिला."

उदेलाल उकिडवा बसला. "काऊन वं, तुयी शिदोरी कोणती?"

चमेलीनं ओच्यातून एक गाठोडं काढून दाखवलं. तिची शिदोरी झाडावर नव्हतीच!

"मंग राखून कोणाची राहिली?"

तिनं दाराबाहेर बोट केलं. मग आम्ही पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, पोपटांवर ओरडून ओरडून घोगरा झालेला. "लाल फडका नंदलालचा हाय. तो भुका राहिला तं आणखीन रडन. तो पिवळा मुन्नीचा. तिची गाठ ढिली रायते." असं करत करत तिनं सगळ्या सांगितल्या. "आन् तो मोठ्ठा शामकलाबाईचा."

आता वर्ग माझ्यावर हसला. हसू द्या, आहेच माझी शिदोरी मोठी.

"गुरुजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "परक्याच्या वावरात कोणी असं राखणीला बसतं का? सहा वर्षांची पोर, आणि सगळा वर्ग आपला समजून बसली आहे. माझ्या वर्गात सगळ्यांच्या आधी हीच रमली."

उत्तर दिलं उदेलालनं. "रमली जी गुरुजी. नाव राहू द्या. पाखरं मी हाकलीन." आणि चमेलीकडे न पाहताच झपाझप निघून गेला. माझा बाप असता तर मी त्याला तिथंच मिठी मारली असती.

"ते ठीक," गुरुजी म्हणाले, "पण ही फळ्याकडे पाहणार कधी?"

"खिळे आहेत का तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

फळ्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खिळे ठोकले. गुरुजींनी स्वतः ठोकले, दगडानं, आणि एकदा अंगठाही ठेचून घेतला. दुपारपर्यंत सगळ्या शिदोऱ्या आत आल्या, आणि कोणी न सांगता चमेली पाटी घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली. शिदोऱ्यांवर एक नजर, फळ्यावर एक नजर.

दुसऱ्या दिवशी ती दारातच उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाची शिदोरी घेत होती. गुरुजी आले. तिनं त्यांच्यापुढेही हात केला. गुरुजींनी जरा घोटाळून माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि त्यांनी आपला पितळी डबा मुकाट्यानं तिच्या हातात दिला.