गादीची खालची बाजू

हवेची गादी रात्री टम्म फुगवायची आणि सकाळी नणंदेची पाठ जमिनीला लागलेली असायची. या प्रकाराने घरात सगळ्यांत जास्त कोणाचं डोकं फिरलं असेल, तर ते वहिनीचं.

नणंदेची कंबर धरते म्हणून वहिनीचा जीव तुटत होता, असं कोणी समजू नये. नणंद कंबरेतून कायमची वाकली असती तरी वहिनीने साधा उसासा टाकला नसता. भानगड खोलीची होती. घरात दोन खोल्या आणि एक हॉल. एका खोलीत नवराबायको झोपायचे, दुसरीत वहिनीचं शिलाई मशीन होतं. पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि ती खोली म्हणजे जगात तिची स्वतःची म्हणावी अशी एकमेव जागा होती. दाराला आतून कडी होती. ती कडी लावली की ती कोणाची बायको नव्हती आणि कोणाची वहिनीही नव्हती.

नणंद नवऱ्याशी फाटल्यावर दोन बॅगा घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. भावाने हॉलमधल्या गालिच्यावर ही गादी आणून टाकली आणि वर बजावलं, की गादीवर भागलं तर ठीक, नाहीतर मशीनची खोली तिला द्यावी लागेल. माझी बहीण फरशीवर झोपणार नाही. वहिनीने तिथल्या तिथे ठणकावलं, की माझं काम त्या खोलीशिवाय कुठेही होत नाही, हॉलमध्ये तर नाहीच नाही. नवऱ्याने मान डोलावली. हे तिचं बोलणं लक्षात ठेवा, पुढे ते तिच्याच गळ्याशी येणार आहे.

तर गादी टिकायला हवी होती. तिची जेवढी काळजी वहिनीने घेतली तेवढी कोणी तान्ह्या बाळाचीही घेत नसेल. सगळे कामाला गेले की ती पदर खोचून बसायची. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरायचा, गादी फुगवायची आणि वीतभर वीतभर जागा भिजवत जायचं. जिथे बुडबुडे उठतील तिथे पेनाने गोल करायचा. मग हवा काढून, वरची मखमल खरवडून काढून, सायकलच्या ट्यूबला लावतात ते सोल्युशन लावून ठिगळ दाबायचं आणि वर इस्त्री ठेवायची.

पहिली गळती बुचाजवळ निघाली. ती बुजवली, तरी सकाळी गादी सपाट. दुसरी उशाशी, शिवणीत. ठिगळावर तिने स्वतः बसून वजन दिलं, तरी गादी सपाट. "वहिनी, कालही बसली," नणंद चहाचा कप धुताधुता सांगायची, आणि एवढं बोलून निघून जायची. कुरकुर नाही, आदळआपट नाही. तिने तोंड सोडलं असतं तर वहिनीलाही बरं वाटलं असतं, दोन द्यायच्या आणि दोन घ्यायच्या. पण ही बया नुसती सांगायची, आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नणंद कामाला कुठे होती? रक्त तपासायच्या लॅबमध्ये! दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसायच्या, हाच तिचा धंदा. जिला माणूस टोचवतो तिला गादीचं काय? खोली हवी, म्हणून रोज टोचते आणि सकाळी साळसूदपणे कप धुते! हा विचार एकदा मनात बसला तो बसलाच. आता वहिनी फक्त वरची बाजू आणि कडा तपासू लागली, कारण झोपलेल्या बाईचा हात तेवढाच पोचणार.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, नवरा घरात असताना तिने तोंड उघडलं. गादी हॉलच्या मधोमध फुगलेली, तिच्यावर पेनाचे गोल आणि ठिगळं. वहिनीने सगळा पाढा वाचला. सुया काय, साळसूदपणा काय, नवऱ्याचं घर मोडून आली आणि आता माझं मोडायला निघाली, हेही बोलून झालं. ते बोलायला नको होतं, पण बोलून गेली आणि तिला बरंही वाटलं.

नवरा बहिणीकडे बघत राहिला. नणंद खिडकीशी उभी होती.

"दादा, गादी उलटी कर," एवढंच म्हणाली.

नवऱ्याने गादी उलटी केली आणि फवारा मारला. खालच्या बाजूला पाच-सहा जागी बुडबुडे उठले. वहिनीला तर हर्षच झाला. बघा, म्हणाली, दिसू नये म्हणून खालून टोचलंय, केवढी अक्कल! नवरा गुडघ्यांवर बसला आणि खालच्या गालिच्यावरून तळहात फिरवू लागला. मध्येच त्याने हात झटकला. त्याच्या बोटात पिवळ्या मोत्याच्या डोक्याची टाचणी रुतली होती. त्या घरात तसल्या टाचण्या एकच बाई वापरायची.

नणंदेने बॅगेतून झाकणाची एक छोटी काचेची बाटली काढली, लॅबमध्ये रक्त भरतात तसली, आणि ती गादीवर ठेवली. आत पिवळ्या, लाल, पांढऱ्या डोक्यांच्या टाचण्या अर्ध्याच्या वर भरल्या होत्या.

"रोज संध्याकाळी गादी टाकताना वेचते," ती म्हणाली. "सगळ्या सापडत नाहीत."

वहिनीने टाचण्या ओळखल्या. पडद्याचं लांबलचक कापड खोलीत मावत नाही. घर रिकामं झालं की ती गादी बाजूला सारायची, हॉलभर कापड अंथरायची, टाचायची, कापायची, आणि कोणी यायच्या आत झाडून मोकळी व्हायची. गादी यायच्या आधीही कित्येक वर्षं ती हॉलमध्येच कापत होती. झाडूने गालिच्यातल्या टाचण्या निघत नाहीत, हे तिला आज कळत होतं.

"मग आधी का नाही बोललीस?" तिने विचारलं.

"मला खोली हवी होती," नणंद म्हणाली. "तुम्ही दादासमोर मला चोर ठरवणार हेही माहीत होतं. म्हटलं, ठरवू दे."

नवऱ्याने बोट चोखलं, टाचणी बाटलीत टाकली आणि झाकण लावलं.

"तू कापतेस इथे, टाचतेस इथे," तो म्हणाला. "मग मशीनही इथेच ठेव."

बास. पुढे काही वाद झालाच नाही, कारण वादाला जागाच उरली नव्हती. संध्याकाळच्या आत भावाबहिणीने मशीन ओढत हॉलमध्ये आणलं आणि नणंदेच्या बॅगा आत गेल्या. वहिनी कोणाला मदत करायला उठली नाही. ती गादीपाशीच बसून होती. खालची भोकं एकेक करून बुजवत होती, खरवडून, सोल्युशन लावून, इस्त्री ठेवून. आता कोणासाठी, असं नवऱ्याने विचारलं, तर तिने वर पाहिलंसुद्धा नाही. ज्या माणसाने खोली काढून घेतली त्याच्याशेजारी पाठ टेकायची नाही, हे तिचं ठरलं होतं. ठिगळं वाळेपर्यंत ती फरशीवर झोपली. दुसऱ्या दिवशी तिने गालिचा गुंडाळून बाहेर टाकला आणि गादीत हवा भरली.

पुढच्या सकाळी मशीनच्या खोलीची कडी आतून निघाली. नणंद डबा घेऊन बाहेर आली. वहिनी गादीवर उठून बसली होती, विस्कटलेली, डोळे सुजलेले.

"बसली का हो?" नणंदेने चपला घालता घालता विचारलं.

वहिनीने मुठीने गादी दाबून पाहिली. ती रात्री होती तशीच घट्ट होती.

"नाही," ती म्हणाली. "आता कशाला बसेल?"