बेल्काला कुणी सांगितलंय का

समुद्रातल्या जिवाला टाकीत कोंडून त्याचा तमाशा पाहणं हा माणुसकीवरचा डाग आहे आणि तिकीट काढणारा प्रत्येक जण त्या कोंडवाड्याची एकेक वीट रचत असतो, असं बेइबितनं वर्तमानपत्रात लिहिलं होतं. आत्ता तो तिकिटाच्या खिडकीत मान घालून विचारत होता, की म्हाताऱ्या माणसांना काही सवलत आहे का.

"पेन्शनचं कार्ड दाखवा," खिडकीतली लिदिया म्हणाली. मग तिनं चष्मा कपाळावर चढवला. "अरे, तुम्ही होय. नेहमीचीच जागा देऊ?"

बेइबितच्या मागे त्याची आई रायखान उभी होती. डोक्यावरचा पांढरा रुमाल तिनं हनुवटीखाली घट्ट केला आणि ती मुलाच्या मानेकडे बघत राहिली. मानेला ते कळलं; ती लाल झाली.

"प्राध्यापकाची इथं नेहमीची जागा आहे?" तिच्या शेजारी उभे असलेले, वस्तीतले वडीलधारे सेरिमबेत आगा म्हणाले.

"एकदोनदा आलो होतो. निरीक्षणासाठी."

"मंगळवारी, गुरुवारी आणि काल," लिदियानं मदत केली.

मग तिनं रायखानच्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीतून बाउरसाकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, वास येत होता. "आपा, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"हे खाणं नाही, पोरी," सेरिमबेत आगा म्हणाले. "दुःखाच्या घरी जातोय आम्ही. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

लिदियानं थोडा विचार केला आणि तीन तिकिटं फाडली. रविवार होता, मागे रांग होती.

कारागांदा शहरापासून समुद्र कुठल्याही दिशेला सारखाच लांब. डॉल्फिनारियम होतं खाणकामगारांच्या जुन्या पोहण्याच्या तलावात. भिंतीवरच्या रंगीत फरशांच्या चित्रातले कामगार अजून छाती काढून पाण्याकडे धावत होते. कुणीतरी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत नारळाची झाडं रंगवली होती. डॉल्फिनारियममध्ये डॉल्फिन नव्हता. पांढरा देवमासा होता, उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातला, मादी. तिचं नाव बेल्का.

बेइबितचा बाप काबदेश खाणीतून निवृत्त झाला तो अर्धी फुप्फुसं आत ठेवूनच. मग तो इथल्या बॉयलरवर लागला आणि सकाळी मासे घालायचं कामही त्याच्याकडे आलं. मुलाचा लेख छापून आला तेव्हा त्यानं तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "शुद्धलेखन चांगलं आहे," तो म्हणाला आणि पेपरची घडी घातली. थोड्या वेळानं विचारलं, "मग तिला मासे कोण घालणार? तू?" त्यानंतर बापलेक फक्त हवामानाविषयी बोलत. जानेवारीत काबदेश दवाखान्यात वारला, त्याही दिवशी हवामान बोलण्यासारखं होतं.

सप्टेंबरमध्ये खाटकाच्या बायकोनं मांस तोलता तोलता रायखानला सांगितलं, "तुमचा म्हातारा तिथं तलावावर खोकतोय अजून. माझी नात ऐकून आली."

वर्ष पुरं होईपर्यंत विधवेनं खेळतमाशाला जायचं नसतं. "मी बघणार नाही, डोळे मिटून बसेन," रायखान म्हणाली आणि मागच्या रविवारी मुलाबरोबर येऊन तशीच बसली. बेल्कानं रिंगण फिरवलं, तोंडात ब्रश धरून चित्र काढलं, एका मुलाच्या गालाला तोंड लावलं. मग गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या शांततेत ती पोहत बॉयलरखोलीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. पाण्याबाहेर डोकं काढलं. इतर देवमासे वळतात तशी ती अख्खी वळली नाही. नुसती मान वळवून, माणसासारखी, दाराकडे बघत राहिली. आणि खोकली.

दोन तुटक ढास, मग एक लांब, तळातून खरवडून आणलेली. हा खोकला आयुष्यभर रायखानच्या स्वयंपाकघरात माणसाच्या आधी शिरत आला होता. त्यामागून ओल्या, जड आवाजात शब्द आले.

"आलो, आलो."

मुलं हसली. रायखाननं डोळे उघडले नाहीत. बेइबितनं मात्र दाराकडे पाहिलं, आणि आपण पाहिलं याचा त्याला स्वतःचाच राग आला.

परतताना बसमध्ये आईनं एकच प्रश्न विचारला.

"तिला कुणी सांगितलंय का?"

"काय?"

"तो गेला म्हणून."

"आपा, तो देवमासा आहे. ऐकलेला आवाज काढतो. पोपट काढतो तसा."

"पोपट दाराकडे बघत नाही," रायखान म्हणाली. "वाट बघतेय ती. आणि इकडे तो बिचारा अडकलाय. मेलेल्या माणसानं रोज 'आलो, आलो' म्हणायचं, आणि मी जानेवारीत घोडा कापून वर्षाचं जेवण कुणाच्या नावानं घालायचं? आधी तिला कळायला हवं."

मरणाची बातमी घरच्यांनी सांगायची नसते. कुणीतरी वडीलधारा जातो, बसतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि बोलता बोलता ऐकणाऱ्याला आपणच कळू देतो. त्यांच्या वस्तीत हे काम सेरिमबेत आगांचं. खाणीतल्या दोन मोठ्या अपघातांच्या बातम्या घरोघर त्यांनीच पोचवलेल्या. परिणाम असा की आगा नुसते मीठ मागायला दारात आले तरी बायका रडायला सुरुवात करत. त्यांचं स्वतःचं लग्न यामुळेच लांबलं होतं, असं काबदेश म्हणायचा.

आगांनी होकार दिला. मुलानं नाही म्हटलं नाही. तो मंगळवारी एकटाच जाऊन आला.

काबदेशला फोनमध्ये बोलायला लाज वाटे. त्यामुळे बेइबितच्या फोनमध्ये बापाचे तीन धूसर फोटो होते आणि आवाज कुठंच नव्हता. मंगळवारी शाळेची एक सहल होती, गुरुवारी तो आणि छत्री घेतलेली एक बाई. काल तर तो एकटाच. लिदियानं त्याच्या एकट्यासाठी सगळा खेळ केला, नियम होता. हिरवट उजेडात वाफ लोंबत होती, फरशांवरचे कामगार घामेजले होते. बेल्का कोपऱ्यात गेली. खोकली. "आलो, आलो." रिकाम्या बाकांवरून आवाज फिरून परत आला. बेइबितच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं; त्यानं नाक शिंकरलं. घरी जाऊन त्यानं विद्यार्थ्यांचे पेपर तपासले आणि सगळ्यांना जास्त गुण दिले.

आज खेळ संपल्यावर फोटोची रांग लागली. पाण्याशेजारी जायची तेवढीच एक संधी होती, म्हणून त्यांनी फोटोचीही तिकिटं काढलेली. ते मुद्दाम शेवटी उभे राहिले. लिदिया आता रबरी पोशाखात होती, गळ्यात कॅमेरा.

"आजोबा, इथं वाका. ती गालाला तोंड लावेल."

"आधी खुर्ची," सेरिमबेत आगा म्हणाले. "आणि चहा."

"चहा नाही. कोला आहे."

आगांनी रायखानकडे पाहिलं. रायखाननं मान हलवली. दुःखाच्या घरी जे मिळेल ते घ्यायचं असतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आगांनी नवी कोरी टोपी सारखी केली, कोल्याचा एक घोट घेतला, मिटक्या न मारता गिळला. बाउरसाकांची पिशवी रायखाननं काठावर ठेवली. बेल्का कोपरा सोडून त्यांच्यासमोर आली होती. पाण्यातून तिचं पांढरं कपाळ वर आलं, मग एक डोळा. डोळा आगांवर थांबला.

"घरची मंडळी, गुरंढोरं, सगळी खुशाल ना?" आगांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली.

पाण्याचं पंपिंग चालू होतं. लिदियानं कॅमेरा खाली केला.

"रस्ता लांबचा तुझा. आम्हीही लांबचेच. तुझ्या ओळखीचा एक माणूस होता आमच्यात. पहाटे उठायचा, सगळ्यांच्या आधी. लोक उठायचे तेव्हा त्याची चूल पेटलेली असायची." आगांचा आवाज आता त्या कामाला लागला होता, खालच्या पट्टीतला, एकसुरी; वस्तीतली कितीतरी घरं याच आवाजानं बसली होती. "पण बघ, घोडा घरी येतो आणि खोगीर रिकामं असतं, असं कधी कधी..."

"आपा," बेइबित हळूच म्हणाला. "राहू दे ना. नको सांगायला."

"का?"

"काय फरक पडतो तिला?"

"तूच लिहिलं होतंस पेपरात," रायखान पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्यांना सगळं समजतं म्हणून."

लेख नीट लिहिलेला होता. त्यात कुठं फट नव्हती.

तेवढ्यात बेल्का खोकली. आगांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून. दोन तुटक, एक लांब. तिच्या डोक्यावरच्या भोकातून उडालेले थेंब आगांच्या टोपीवर पडले.

"आलो, आलो."

सेरिमबेत आगांनी काबदेशबरोबर उमेदीची सगळी वर्षं खाणीच्या अंधारात घालवली होती. खाली दिवा विझला की तो खोकला ऐकूनच ते हात पुढे करत. आत्ताही त्यांचा हात पुढे आला. मग त्यांनी तो मागे घेतला, कोल्याचा पेला काठावर ठेवला, आणि उठले. वस्तीतल्या इतक्या मरणांत त्यांचं वाक्य कधी अर्धं राहिलं नव्हतं.

"मला नाही जमणार, रायखान," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रायखान गुडघे टेकून बसली. तिला खाली बसायला वेळ लागला, बेल्का थांबली. रायखाननं दोन्ही हात पुढे केले आणि दुःखातल्या बाईला बाई धरते तसं त्या ओल्या, गार डोक्याला धरलं. कपाळाला कपाळ लावलं.

"तो येणार नाही, बाई," ती म्हणाली. "तुला हाक मारायचा ना, तो. गेला. आता दाराकडे बघू नकोस."

बेल्का हलली नाही. तिचा डोळा उघडा होता, रायखानच्या खांद्यावरून ती सरळ बेइबितकडे बघत होती. मग रुमाल ओला करून ते डोकं हातांतून सुटलं. लाट उठली नाही. बुडबुडाही आला नाही. पांढरा आकार तळाशी जात जात फिका झाला आणि तळाच्या फरशांवर, भिंतीकडे तोंड करून, आडवा थांबला.

फोटो निघाला होता. तिकिटात तो धरलेलाच होता.

घरी जाताना रायखाननं बसमध्ये सगळे बाउरसाक वाटले, चालकालासुद्धा. त्या रात्री ती शांत झोपली.

बेइबित मंगळवारी गेला. बेल्कानं रिंगण फिरवलं, चित्र काढलं. गाणी थांबली तेव्हा ती पाण्याच्या मधोमध होती आणि तिथंच राहिली. गुरुवारीही. पुढचे दोन आठवडे तो जात राहिला. वर्तमानपत्रानं हिवाळ्याच्या पुरवणीसाठी याच विषयावर आणखी एक लेख मागितला होता. त्याचं पहिलं वाक्य त्याला जमत नव्हतं. तो नेहमीच्या जागेवर बसायचा, बॉयलरखोलीच्या दाराशेजारी. शांततेत आता नुसता पंप ऐकू यायचा, आणि त्यानंतर स्वतःचा श्वास. एकदा, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, तो स्वतःच खोकला. दोन तुटक, एक लांब. बरा जमला होता. बेल्कानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि ती खाली गेली.

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी खिडकीत तिकीट घेताना त्यानं लिदियाला विचारलं, "ती बोलतच नाही का आता?"

"नाही. तुमच्या आईनं बरं केलं. त्या खोकल्याला लहान मुलं घाबरायची." लिदियानं सुटे पैसे सरकवले. "मला वाटलं नव्हतं ऐकेल म्हणून. तिचा नि तुमच्या वडिलांचा तसा काही संबंध नव्हता."

"म्हणजे? मासे तेच घालायचे."

"ते आधीच्या बेल्काला. ही मार्चमध्ये आली. तुमचे वडील तर जानेवारीत."

बेइबितनं सुटे पैसे उचलले नाहीत.

"मग त्यांचा आवाज?"

"आधीचीकडून उचलला. दोघी एकाच टाकीत होत्या ना, मेपर्यंत. ती म्हातारी दिवसभर तेच करायची, खोकायची नि आलो, आलो. ही तिच्या शेपटीला लागून असायची. मग मेमध्ये एका सकाळी म्हातारी पाण्यावर तरंगताना मिळाली. ट्रकमधून नेली. त्यानंतर आठवडाभरानं हिनं सुरू केलं."

मागे एक बाप दोन मुलींना घेऊन उभा होता. बेइबित बाजूला सरकला.

"आणि हिचं नाव काय होतं?" त्यानं विचारलं.

"हिचं काही नव्हतं. पोस्टरं छापून झाली होती, म्हणून बेल्काच ठेवलं."