सात नंबरचा राब

सात नंबरच्या हिरवळीवर त्या सकाळी एक्केचाळीस डाग होते. अनिता रोकडेने ते दोनदा मोजले. प्रत्येक डाग साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, मधे वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा, कडेला तांबूस. दव असेपर्यंत त्यावर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसत आणि ऊन आलं की नाहीसे होत. तिने पट्टी लावून व्यास घेतले, वहीत तारीख आणि वेळ घातली, २७ फेब्रुवारी २००३, सहा चाळीस, आणि मग मान वर करून तारेच्या कुंपणापलीकडे पाहिलं. पलीकडे टेपाच्या वाडीच्या राबाच्या जागा होत्या, भाताचं रोप करण्याआधी भाजायच्या पट्ट्या. सगळ्या थंडगार. होळीला अजून एकोणीस दिवस होते. वाडीत अजून कुणी काडीसुद्धा ओढली नव्हती.

धूर नव्हता आणि डाग होते. एवढं एक वाक्य खात्रीने म्हणायला तिला एक वर्ष लागलं होतं. तिने वही मिटली.

हा गोल्फचा क्लब मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका मुरमाड माळावर होता. सहा वर्षांपूर्वी माळ सपाट झाला, वर बाहेरून आणलेली माती पडली, नऊ होल झाले. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी गाड्या घेऊन यायची, सकाळी साडेसहाला पहिला चेंडू मारायची आणि ऊन तापलं की आत जेवायला बसायची. अनिता कसाऱ्याची. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी पोरीला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. शिकवायची नोकरी काही लागली नाही, ही लागली. कापणी, खत, पाणी, रोग, हिरवळीचं सगळं तिच्याकडे. मुरबाडला खोली घेऊन ती आणि तिची आई राहायच्या आणि घर तिच्या पगारावर चालायचं.

पावसात चार महिने खेळ बंद असे. होलांमध्ये पाणी भरे, त्यात बेडूक जाऊन बसत, आणि वाडीतल्या खुरपणीच्या बायका आपापल्या लावणीला निघून जात. भात झोडून झालं की त्या परत येत. मग थंडीचे दिवस, मेंबरांची गर्दी, मार्चअखेर मोठी स्पर्धा. ती झाली की उन्हाळा असा कोरडा पडे की त्या सबंध माळावर क्लबाएवढंच काय ते हिरवं राही.

बायकांची म्होरकी येसूबाई. पन्नाशीची, हाडापेराने काटक, जीभ तिखट. सात-आठ बायका हिरवळीवर रांगेने उकिडव्या बसत आणि बारक्या सुऱ्यांनी तण काढत.

"आमी जलमभर भातातली हरळी उपटली," येसूबाई म्हणायची. "आन इथं साहेबलोक हरळीच पिकवतात, आन आमी तिच्यातलं दुसरं उपटतू. भिमे, नीट बघ गो. भाताचं रोप दिसलं तं तण म्हनून फेकशील."

"फेकीन कशाला?" भिमी म्हणे. "घरी नेऊन लावीन."

दुपारी अनिता त्यांच्यातच जेवायला बसे. येसूबाई स्वतःच्या फडक्यातली तांदळाची भाकरी तोडून तिच्या हातावर ठेवी. नको म्हटलेलं तिला चालत नसे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये हेच डाग आले होते आणि मॅनेजर इंद्रजीत सरांनी अहवाल मागितला होता. अनिताने तीन पानं लिहिली. पहिल्या दोन पानांत पाणी होतं. स्प्रिंकलर संध्याकाळी सातला सुरू होतात, गवताची पात सकाळी आठपर्यंत ओली राहते, म्हणजे तेरा तास. बुरशीला आणखी काय हवं? पाणी पहाटे चारला द्यावं. तिसऱ्या पानावर, सरांनी दोनदा फोन करून विचारलं म्हणून, एक वाक्य होतं: शेजारच्या राबांच्या धुराचा व राखेचा परिणाम होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पहिली दोन पानं कुणी वाचली नाहीत, कारण पहाटे पाणी दिलं तर साडेसहाला येणाऱ्या मेंबरांचे बूट भिजणार. दवाने भिजलेले त्यांना चालत, पाण्याने नाही. तिसरं पान मात्र ग्रामपंचायतीत गेलं. मे महिन्यात नोटीस लागली: कुंपणापासून दोनशे मीटरच्या आत राब भाजण्यास मनाई. आधार, क्लबच्या शास्त्रज्ञांचा अहवाल. नाव नव्हतं. त्या वर्षीचे राब तोवर भाजून झाले होते, म्हणून वाडी निभावली. पण वाडीच्या राबाच्या सगळ्या जागा त्या दोनशे मीटरांतच होत्या. खाली खाचरात पाणी साचतं, वर खडक. रोप धरणारी पट्टी तेवढीच. शेण, ऐनाच्या झाडाची टहाळ, पातेरा, गवत, वर माती, असे थर देऊन ती उन्हाळ्यात भाजली की तणाचं बी मरतं, राख मातीला मिळते आणि पाऊस पडला की भाताचं रोप जोमाने उठतं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर त्या वर्षी भात नाही.

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नोटीस तिने फळ्यावर स्वतः वाचली, एसटीची वाट पाहता पाहता. गाडी आली, ती चढली, आणि वर्षभर मूग गिळून बसली.

आता एक्केचाळीस डागांची वही घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, वाडीत एकही राब पेटलेला नाही. तरी डाग आलेत."

"मागच्या वर्षीची राख असेल मातीत."

"मधे चार महिने पाऊस पडलाय, सर."

"मग दुसऱ्या गावचा धूर." इंद्रजीत सर हसले. मनमिळाऊ माणूस, आवाज कधी चढायचा नाही. "मॅडम, तुम्ही सायंटिस्ट आहात. काहीतरी बसवा की. टूर्नामेंट होऊ दे, मग एप्रिलमध्ये निवांत बोलू."

"बरं," अनिता म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला त्या "बरं"चा इतका संताप आला की ती सात नंबरपर्यंत तरातरा चालत गेली आणि तिथे काही काम नव्हतं म्हणून परत आली.

होळी झाली. दुपारच्या जेवणाला येसूबाईनेच विषय काढला.

"बाय, तू शिकलेली. तू सांग, राब नाय भाजायचा तं रोप कुठं करायचं? साहेबांच्या सात नंबरवर?"

बायका खिदळल्या.

"आन तो शास्त्रज्ञ कोन गो? कागद लिवनारा?" येसूबाई म्हणाली. "कुठं ऱ्हातंय ते येडं? एकदा दाखव मला. ऐनाची टहाळ डोक्यावं देऊन डोंगर उतरवते त्याला, मंग लिव म्हनावं धुराचं."

"मुंबईचा असंल," भिमी म्हणाली. "आपल्यातला असता तं राबाला हात लावला असता?"

अनिता भाकरीचा घास चावत राहिली.

येसूबाईने नोटिशीला भीक घातली नाही. स्पर्धा शनिवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी, वारा मंदावलेला पाहून, तिने आपला राब पेटवला. वाऱ्याच्या उलट तोंडाने, म्हणजे आग धावत नाही, आत आत धुमसत जाते. निळसर धूर कुंपणावरून सात नंबरवर आला आणि तिथेच रेंगाळला.

अनिता त्या वेळी ऑफिसमध्ये तापमानाची नोंद करत होती. पंपावरचा सतीश दारात आला.

"मॅडम, सात नंबरच्या नळाची चावी. मोठ्या पाइपाची."

"खिळ्याला आहे. घे."

तिने हाताने खिळा दाखवला, मान वर केली नाही. कशाला हवी, हे विचारलं नाही. छत्तीस पूर्णांक चार, तिने लिहिलं. आर्द्रता लिहिली. मग वाऱ्याबरोबर एक वास आला, जळत्या शेणाचा नव्हे, भिजल्या राखेचा, आणि ती खुर्ची मागे ढकलून धावत सुटली.

सतीश कुंपणाला टेकून पाइप धरून उभा होता, तोंड दुसरीकडे वळवून. पाण्याचा जाड लोट राबावर पडत होता. अर्धा राब काळा चिखल झाला होता, उरलेला वाफा सोडत होता.

"बंद कर!" अनिता ओरडली. एवढ्या मोठ्याने ती क्लबात कधी बोलली नव्हती. "सतीश, बंद कर ते!"

"सर बोल्ले, मॅडम. मी काय करू?" पण त्याने चावी फिरवली.

येसूबाई ओरडली नाही. ती चिखलात उतरली, एक ढेकूळ उचललं, हाताने फोडलं आणि कुंपणाच्या तारेपाशी आणून अनिताला दाखवलं. आत शेण तसंच्या तसं होतं, पिवळं, ओलं.

"बघ बाय. शेण जळलं नाय, माती भाजली नाय. ह्याच्यात पेरलं तं भाताआधी तण वर येल." तिचा आवाज अगदी सपाट होता. "परत भाजाय टहाळ कुठून आनू? पौषात पंधरा दिस डोंगरात जात व्हते. ऐन बोडके केलं सगळं. आता पानसुदिक नाय वर."

मग ती सतीशकडे वळली. "चावी कोनी दिली रं तुला?"

सतीशने अनिताकडे पाहिलं. एक क्षणभर. मग खाली पाहिलं.

"हापिसातून," तो म्हणाला.

अनिताला वाचवायला पंपावरचा माणूस खोटं नाही, पण अर्धं बोलला, आणि तिने ते अर्धं चालू दिलं. संध्याकाळी धसईहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत ती दांड्याला धरून उभी होती, जागा रिकामी असून. इंद्रजीत सरांवरचा राग तिला समजत होता. तो सरळ होता, त्याला कारण होतं. पण ज्या हाताने अहवाल लिहिला आणि मान वर न करता खिळा दाखवला, त्या हाताचं काय करायचं? "शक्यता नाकारता येत नाही." परीक्षेत असं लिहिलं असतं तर गुण मिळाले असते. प्रयोगशाळेत ते वाक्य सावधपणाचं होतं. इथे ते भित्रेपणाचं होतं, आणि लिहिताना तिला ते ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी एकही बाई आत आली नाही. त्या फाटकाबाहेर, करवंदीच्या जाळीजवळ सावलीला बसून राहिल्या. हिरवळीवर तण होतं, वाळूचे खड्डे उकरलेले होते, आणि उद्या सकाळी साठ माणसं येणार होती. दहा वाजता इंद्रजीत सरांनी सरपंच धाकलूदादांना बोलावून घेतलं. क्लबाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या. येसूबाई आणि भिमी पायऱ्यांखाली उभ्या राहिल्या. त्यांना वर या असं कुणी म्हटलं नाही.

"क्लबला वाडीशी भांडण नकोय," सर गोड आवाजात म्हणाले. "आम्ही माणुसकी म्हणून येसूबाईंना दोन पोती तांदूळ देतो. पण नियम तो नियम. राब इथे नाही."

"मी काय मागाय आले का दारात?" येसूबाई म्हणाली. "माज्या शेतात माजा राब. तुमच्या गवताला सर्दी होती, त्याला मी काय करू?"

धाकलूदादांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "येसूकाकी, नोटीस हाय ना. शास्त्रज्ञांचा अहवाल हाय. मी अडानी मानूस, मी त्याच्यापुढं काय बोलू?" त्यांनी ग्रामपंचायतीची वही उघडून मांडीवर घेतली होती.

"तेच," सर म्हणाले. "रोकडे मॅडम, तुम्ही सांगा यांना सोप्या भाषेत. तुमचं त्या ऐकतात."

अनिता उभी राहिली. राग होता तेवढाच होता, पण तो आता जागेवर बसला होता. ती खुर्च्यांपाशी थांबली नाही. पायऱ्या उतरून खाली आली आणि येसूबाईच्या समोर उभी राहिली.

"नोटिशीतला शास्त्रज्ञ म्हणजे मी," ती म्हणाली. "तो कागद मी लिहिला. काल सतीशला चावीही मीच दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही."

येसूबाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

भिमी मात्र उसळली. "आन वरीसभर आमच्यात बसून भाकरी खाल्लीस?"

"खाल्ली."

"मॅडम," वरून सर म्हणाले, अजूनही तोच गोड आवाज, "तुम्ही दमलाय. आपण आत बसून बोलू. नोकरीचा प्रश्न असतो, असं उघड्यावर..."

"सर, मी बोलतेय."

धाकलूदादांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्याकडे पाहत थांबले.

"लिहून घ्या, दादा," अनिता म्हणाली. "वर माझं पूर्ण नाव घाला, अनिता रोकडे, आणि आजची तारीख घाला. हिरवळीचा रोग संध्याकाळच्या पाण्याने होतो. राबाच्या धुराने होतो असं मला एकदाही आढळलेलं नाही. तरी मी तसं लिहिलं. मागच्या मार्चमधल्या माझ्या अहवालातलं ते वाक्य खोटं आहे, आणि मी ते मागे घेते."