वाचून दाखवलेली वही

छापखान्याच्या कागद-गोदामात वीस रीम कमी भरत होते, आणि गोदाम सांभाळणाऱ्या काकांच्या निवृत्तीला सोळा दिवस उरले होते. तूट अहवालात गेली की पेन्शन अडकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑडिटर बाईंनी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून काकांची कागद दिल्याची वही तपासली होती. पहिलंच स्वतंत्र काम, त्यामुळे तोराही थोडा होताच.

अहवालावर सही करायला बाईंचे साहेब आले. मोतीबिंदूने त्यांना अक्षर दिसेनासं झालं होतं.

"वही वाचून दाखवा," साहेब म्हणाले. बाईंनी वही पुढे ओढली. "तू नाही. ज्यांनी लिहिली ते वाचतील."

"सर, त्यात फार वेळ जाईल."

"ऑडिट म्हणजे काय गं?"

"तपासणी."

"ऐकणं. मुळात लॅटिन शब्द आहे. तेव्हा वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारभारी हिशेब मोठ्याने वाचायचा, आणि मालकाचा माणूस कान देऊन बसायचा. आता तूही बस."

एवढ्या परीक्षा दिल्या, पण हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खुर्ची घेतली.

काका पाणी पिऊन वाचू लागले. चार तारीख, पिवळा, दहा रीम, मशीन एक. सहा तारीख, जाड पांढरा, पाच रीम. हळूहळू आवाज मोकळा झाला. तीन दिवस ज्या नुसत्या आकड्यांच्या रांगा होत्या, त्यांतून कागदाचे गठ्ठे उचलणारा एक माणूस बाईंना पहिल्यांदाच दिसत होता.

"अकरा तारीख, पांढरा, वीस रीम, मशीन दोन. अकरा तारीख, पांढरा, पुन्हा वीस रीम, मशीन दोन."

"थांबा," साहेब म्हणाले. "'पुन्हा' असं लिहिलंय?"

काकांनी वही डोळ्यांजवळ नेली. "नाही साहेब. तोंडात आलं. सकाळचे वीस उलटे छापले गेले, सगळे रद्दीत. दुपारी परत वीस दिले."

दोन ओळी सारख्या दिसल्या, म्हणून एकच ओळ चुकून दोनदा लिहिली असं समजून बाईंनीच आपल्या तक्त्यातून दुसरी गाळली होती, आणि तेच वीस रीम कमी दिसत होते. तीन दिवस काका दाराशी उभे होते, आणि त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. बाईंनी रद्दीची वही मागवली. अकरा तारीख, खराब कागद, वीस रीम.

त्यांनी अहवाल फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं: तूट नाही, चूक तपासणाऱ्याची. "काका, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ही वही आजवर खूप जणांनी बघितली," काका म्हणाले, आणि वही मिटू लागले.

"वाचा पुढे," साहेब म्हणाले. "अजून संपली नाही."

बाई उठल्या. मशीनचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी दार लावलं, आणि खुर्ची काकांच्या जवळ ओढून घेतली.