चौथ्या पायाची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे आणि मी चांगलीच रागावलेली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला ते जमणार नाही.

ज्या वेल्डरने मला जोडले, त्याने मला फरशीवर ठेवून चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिले. "पोरगी जागची हलत नाही!" असे म्हणत त्याने माझ्या चारही पायांना काळ्या रबरी टोप्या घातल्या. ते माझे पहिले कौतुक. मला वाटले, आता आपले भले होणार. कसले भले!

मी आले ती वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात. तिथला नियम मोठा कडक. आधी टेबल सपाट आहे का ते पाहायचे, मग काटा शून्यावर आणायचा आणि मगच वजन करायचे. हा नियम साहेबांनीच घातला होता. कोणी विसरले तर ते कारखाना डोक्यावर घेत. या साहेबांना सगळे 'पारखी' म्हणत, कारण नोकरी मागायला आलेला माणूस समोर बसताच ते मनातल्या मनात निकाल लावून मोकळे होत. "माणूस बसतो कसा, त्यावरून मला तो कळतो," असे ते घरीदारी अभिमानाने सांगत. आणि तो माणूस बसायचा कुठे? माझ्यावर!

सुरुवातीची वर्षे बरी गेली. मग एकदा मला ओढताना चौथ्या पायाची टोपी निघाली आणि घरंगळत साहेबांच्या टेबलाखाली गेली. कोणी वाकून पाहिले नाही. तेव्हापासून मी डुगडुगू लागले. बसणारा जरा पुढे झुकला की टक, मागे रेलला की टक. बिचारा अवघडायचा, सावरून बसायचा, बोलता बोलता अडखळायचा. साहेब मान हलवायचे आणि तो गेल्यावर म्हणायचे, "चुळबुळ्या आहे. मनात काहीतरी लपवतोय." चांगली चांगली माणसे माझ्यावरून उठून पडलेल्या चेहऱ्याने गेली. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्ही शिकला असाल. इथे अंगण खरोखरच वाकडे होते आणि खापर मात्र नाचणाऱ्याच्या माथ्यावर फुटत होते. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

एके दिवशी निळी पिशवी घेतलेली एक बाई आली. काटे जुळवण्याच्या कामासाठी.

"साहेब, हे काम मी आधी केलंय," ती म्हणाली. टक. "घरात आता कमावणारी मी एकटीच आहे." टक. "एकदा हातात काटा देऊन तर बघा."

साहेबांचे लक्ष तिच्या हलणाऱ्या गुडघ्यांवर. "बाई, या कामाला स्थिर माणूस लागतं. तुम्हाला तर दोन मिनिटं धड बसता येत नाही. या तुम्ही."

ती काही बोलणार होती, पण साहेबांनी तोवर घंटी वाजवली होती.

ती गेली आणि साहेबांची आई आली. साहेब आपला चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला. आई माझ्यावर टेकली मात्र, मी टक्कन कलले.

"अगं बाई! अरे, ही खुर्ची आहे की पाळणा?"

"आई, नीट बस ना."

"नीटच बसलेय. तुझी खुर्चीच डुगडुगतेय. आत्ता जिन्यात एक बाई डोळे पुसत होती, ती पण हिच्यावरच बसली होती का रे?"

साहेब मग म्हणाले, "खुर्ची बदलायला सांगतो. झालं?"

"खुर्चीचं राहू दे. आधी तिला बोलव."

वॉचमन धावला. बाई अजून बसथांब्यावरच होती. ती परत आली.

"बसा," साहेब म्हणाले.

ती बसली नाही. "साहेब, आधी तुम्ही बसून दाखवा."

मग आई उठली, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या गादीच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिने बोटाने मला दाखवले. साहेब मुकाट्याने माझ्यावर बसले.

"हं, नाव काय तुमचं? अनुभव किती?" आईने विचारले.

साहेब हसायला गेले. टक. सावरायला गेले. टक. स्वतःचे नाव सांगताना अडखळले आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मित्रांनो, इतक्या आनंदाने मी जन्मात कधी डुगडुगले नव्हते.

"चुळबुळ्या दिसतोस," आई म्हणाली. "तुझाच शब्द आहे. आणि हे पायाखाली काय आलं?"

तिने वाकून उचलली ती माझी टोपी, धुळीने माखलेली. इतकी वर्षे ती त्यांच्याच पायाशी पडून होती.

बाईने ती टोपी घेतली, मला उलटे करून चौथ्या पायाला बसवली आणि त्या वेल्डरसारखेच दाबून पाहिले. मग साहेबांनी तिच्या हातात काटा दिला. तिने टेबल पाहिले, काटा शून्यावर आणला. या वेळी साहेबांनी चष्मा लावला होता आणि ते तिच्या हातांकडे पाहत होते. काम तिला मिळाले.

तरी माझा राग गेलेला नाही. आई त्या दिवशी आली आणि बस वेळेवर आली नाही, म्हणून हे झाले. तिच्या आधी जी माणसे माझ्यावरून उठून गेली, त्यांतल्या एकालाही साहेबांनी परत बोलावले नाही. ती माणसे आजही म्हणत असतील, आपलेच काहीतरी चुकले.

मित्रांनो, उद्या तुमच्यासमोरही कोणी अवघडेल, अडखळेल. त्याला नाव ठेवण्याआधी एकदा खाली वाकून त्याच्या पायाखाली काय आहे ते पाहा. वाकायला कमीपणा वाटत असेल तर निदान स्वतःला पारखी म्हणवून घेऊ नका.