अजून ओल आहे

आमच्या घरात ‘ओल’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. सासरे गळक्या गच्च्या आणि पाझरणाऱ्या भिंती दुरुस्त करणारे मिस्त्री, आणि नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. काम संपलं की सासरे भिंतीला हाताची पालथी बाजू लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “अजून ओल आहे.” की नवऱ्याने मुकाट्याने परत थापी उचलायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी मुलाला “झालं” म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. हाक मारायचे तीसुद्धा ‘मुकादम’ अशी, आणि त्यात कौतुक औषधालाही नसायचं.

मग एका सकाळी सासऱ्यांचा डावा हात आणि अर्धं तोंड लुळं पडलं. हातात थोडी ताकद परत आली, बोलणंही जड का होईना पण आलं. गिळणं मात्र बिघडलं ते बिघडलंच. जेवण वाटून द्यायचं, पाणीसुद्धा घट्ट करून. सासऱ्यांनी पहिला घास तोंडात फिरवला, वाटीकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, “हा गिलावा आहे. भिंतीला लावा.”

तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलं. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर वाटी आपटली. पालथ्या घड्यावर पाणी! गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, या आठवड्यात पोटात नीट अन्न गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.

“नळी नको,” सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “केक द्या.”

बाईंनी थोडा विचार केला. “चालेल. पण ओलसर हवा. चमच्याने दाबला की दबला पाहिजे. कोरडा चुरा घशात उडाला, तर जिवावर बेतेल.”

नवरा त्याच संध्याकाळी केकच्या तयार पिठाचे दोन खोके घेऊन आला. “मी करणार,” म्हणाला. माझ्या शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाचा कोट होता, म्हणून मीही म्हटलं, करू दे. तिथेच चुकलं. खोक्यावर सांगितलेलं पाणी त्याला फार वाटलं, म्हणून त्याने कमी घातलं. का, तर पाणी जास्त झालं की भेगा पडतात! मग ते पीठ त्याने सिमेंटचा माल कालवावा तसं हात दुखेपर्यंत घोटलं. ओव्हनमध्ये ठेवल्यावर काडी खुपसून बघितली, तर तिला ओलसर कण. परत आत. परत काडी, परत कण, परत आत. मला वास आला आणि मी धावले, तोवर कडा कोळसा झाल्या होत्या.

“बघ,” तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “काडी कशी कोरडी ठणठणीत निघाली.”

“अहो, गच्ची आहे का ती?” मी ओरडलेच. “बाबांच्या घशातून उतरायचंय ते!”

त्याने केकवर बोट आपटलं. टक् टक् आवाज आला. एरवी मी हसले असते. तो स्टुलावर बसला आणि खाली बघून म्हणाला, “ओल दिसत असताना मला हात थांबवताच येत नाही गं. कुठे थांबायचं, हे मला कोणी शिकवलंच नाही.”

माझा राग उतरला. शर्टाचं बटण लावल्यावरही हा माणूस मला विचारतो, नीट लागलंय ना? कुलूप लावून निघालो की जिन्यातून एकदा परत वर जातोच. मी त्याला यावरून किती चिडवलं असेल. आयुष्यभर ज्याला परत पाठवलं, त्याला पुरेसं झालं हे कळणार तरी कसं? मला सासऱ्यांचा संताप आला, आणि त्याच सासऱ्यांच्या पोटात घास जात नाही म्हणून जीवही तुटत होता. एका माणसाबद्दल दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला काय करणार.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. “केक तुमचा, तर लक्षही तुम्हीच ठेवा,” म्हटलं. या खेपेला खोका माझ्या हातात होता. ओव्हन आधी तापवून घेतला. पाणी खोक्यावर होतं तेवढंच घातलं. पीठ एकजीव झाल्यावर मी नवऱ्याचं मनगट धरलं, कारण तो थांबेना. भांडं मधल्या फळीवर ठेवलं आणि वर रंग चढायला लागल्यावर फॉइल झाकली. शेवटची ओळ मी दोघांना ऐकू जाईल अशी वाचली, “काडीला थोडे ओलसर कण चिकटून आले की केक बाहेर काढावा.”

“म्हणजे ओल ठेवून काम बंद?” नवऱ्याचा विश्वास बसेना. सासऱ्यांच्या घशातून घरघर आली. ते हसत होते की काय कोण जाणे.

नवऱ्याने काडी खुपसून बाहेर काढली. टोकाला कण होते. सवयीने त्याचा हात ओव्हनचं दार लावायला निघाला.

“आण इकडे,” सासरे म्हणाले.

त्यांनी उजव्या हाताने काडी घेतली, कण चिमटीत चोळले आणि डोळे मिटले. आता तेच ऐकायला मिळणार, म्हणून नवरा मान खाली घालून उभा राहिला. आज हे परत आत गेलं असतं, तर नळी ठरलेली होती.

“झालं,” सासरे म्हणाले.

“काय?”

“झालं म्हटलं! कानात सिमेंट भरलंय का? काढ बाहेर, करपेल!”

केक निवल्यावर मी चमच्याने दाबून बघितला. तो दबला. सासऱ्यांची पाठ ताठ करून हनुवटी खाली घ्यायला लावली आणि छोटा घास भरवला. ते सावकाश चावत राहिले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. आम्ही दोघं ठसक्याची वाट बघत होतो. ठसका आला नाही. सासऱ्यांनी आपण होऊन तोंड उघडलं.

चार-पाच घास गेल्यावर त्यांनी माझा हात अडवला आणि मुलाकडे बघितलं.

“मुकादम, तू जेवलास का?”

“नाही, बाबा,” नवरा म्हणाला, आणि हातात ओव्हनचे जाड मोजे तसेच असताना हुंदके देऊन रडायला लागला. सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बशी त्याच्या बाजूला सरकवली, आणि मी उठून दुसरा चमचा आणला.