बालाजीची सुटका

देवावर भरवसा ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण देवालाच ओलीस धरणारी एकच, आमची शेजारीण चांगुणा. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा रंगराव काम शोधायला म्हणून मलकापूरला गाडीत बसला, त्याला कित्येक महिने झाले तरी ना निरोप ना पत्ता. इकडे सुलतानपुरात आम्ही सगळे खडी फोडून अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी गिळत होतो. चांगुणानं एक दिवस देव्हाऱ्यातला अंगठ्याएवढा पितळी बालाजी उचलला आणि तांब्याभर पाण्यात बुडवला.

"माहा घरधनी येईस्तोर तुले बाहीर काढत नाई," तिनं त्याला बजावलं.

देव पाण्यात ठेवायची रीत जुनीच. पण तेव्हा पाणी म्हणजे नदीच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं भरायचं. आमचे घसे कोरडे आणि हा आपला मजेत डुंबतोय! मला तर हेवाच वाटायचा.

"तो कायले येऊ देईन रंगरावाले?" मी चिडवायचे. "रंगराव आला का याची आंघोळ बंद!"

चांगुणा हसायची. सासू कौशल्याबाई मात्र मला घराबाहेर काढायची. तांब्यातलं पाणी आटलं की ती आपल्या पिण्यातलं त्यात ओतायची. रंगराव तिचा एकुलता एक, सगळा जीव त्या तांब्यात अडकलेला.

एका दुपारी दारात एक वाटसरू मटकन बसला. दूरच्या कामावरून पायी घरी निघाला होता, ओठ फुटलेले.

"माय, घोटभर पानी..."

घरातला माठ पालथा. माझ्याकडेही थेंब नव्हता, खड्ड्यावर पाणी भरायची आमची पाळी संध्याकाळी होती. चांगुणानं तांब्याकडे पाहिलं.

"चांगुणे, हात लावशीन तं पाह्य!" सासू ओरडली. "माहा रंग्या नाई आला तं?"

चांगुणानं बालाजीला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि तांब्या वाटसरूच्या हातात दिला.

"तीर्थ समजून पिऊन घे, दादा."

तो गटागटा प्यायला. बायको वाट पाहून राह्यली म्हणाला, हात जोडले आणि गेला.

कौशल्याबाई धाय मोकलून रडू लागली. थट्टा काय करायची ती केली, पण रंगराव यावा असं मलाही मनापासून वाटत होतं.

"आत्याबाई, रडू नोका," चांगुणा म्हणाली. "माह्या मालकाले बी कोन्या दारात कोनी पाजत असन. आन् मीच याले इथं कोंडून ठेवलं, मंग हा त्याले पाहाले जाईन कसा? आता मोकळा हाय. जाऊ द्या त्याले."

सासूनं डोळे पुसले. मग उठली. टोपलीत एकच भाकरी होती, तिच्या स्वतःच्या रात्रीच्या वाट्याची. ती फडक्यात बांधून तिनं बालाजीपुढं ठेवली.

"जाय बाप्पा," ती म्हणाली. "वाट लांबची हाय. अर्धी तू खाय, अर्धी माह्या रंग्याले दे."